स्कॅनरमध्ये शब्द कधी दाखवायचा? एफएमआरआय प्रयोगाचं टायमिंग पायरी पायरीने

एफएमआरआयचा, म्हणजे माणूस काही काम करत असताना स्कॅनरने त्याच्या मेंदूतला सिग्नल मोजण्याचा, पहिला प्रयोग करणाऱ्या बहुतेकांचं सगळं लक्ष काय दाखवायचं याकडे असतं. चित्रं निवडायची, शब्द निवडायचे, फॉन्ट केवढा ठेवायचा, यात महिनाभर जातो, आणि दोन शब्दांच्या मध्ये किती सेकंद ठेवायचे हा प्रश्न शेवटच्या संध्याकाळी कुणीतरी विचारतं, मग कुणीतरी म्हणतं चार सेकंद ठेवू, आणि ठरलं. मला यावर मनापासून बोलायचंय, कारण विश्लेषणातल्या बऱ्याच चुका नंतर सुधारता येतात, मॉडेल बदलता येतं, फिल्टर बदलता येतो, पण टायमिंग चुकलं तर तो डेटा तसाच राहतो, कुठलंही सॉफ्टवेअर ती माहिती परत आणून देत नाही. आणि तो डेटा देण्यासाठी एक माणूस तासभर त्या अरुंद नळकांड्यात डोकं न हलवता पडलेला असतो, त्याच्या वेळेची आपल्याला किंमत हवी.

समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत घेऊ. समजा मराठी वाचणाऱ्या लोकांना दोन प्रकारचे शब्द दाखवायचेत, एक साधे, म्हणजे कमळ, बदक, पाऊस, आणि दुसरे जोडाक्षरांचे, म्हणजे ज्योत्स्ना, कर्तृत्व, उद्ध्वस्त. जोडाक्षर वाचताना मेंदूच्या कुठल्या भागाला जास्त काम पडतं हे बघायचंय. (देवनागरीत हा प्रश्न खरंच मजेदार आहे, आपल्याकडे 'कि' लिहिताना वेलांटी आधी येते पण उच्चार नंतर, आणि देवनागरी वाचणाऱ्यांच्या मेंदूवर मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात काम झालेलंही आहे.) शब्दांची लांबी, ते किती ओळखीचे आहेत, हे सगळं जुळवून घेतलंय असं धरू, कारण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. आपण फक्त घड्याळाकडे बघू.

पायरी १: आधी कॉन्ट्रास्ट कागदावर लिहा

टायमिंग चांगलं की वाईट हे नुसतं विचारून उपयोग नाही, कशासाठी चांगलं ते सांगावं लागतं. आपल्या उदाहरणात तीन वेगळे प्रश्न असू शकतात. एक, जोडाक्षरी वजा साधे, म्हणजे फरक. दोन, कुठलाही शब्द वाचणं वजा पडद्यावरचं नुसतं अधिकचं चिन्ह (+) बघणं. तीन, शब्द दिसल्यावर एखाद्या भागातला सिग्नल कसा चढतो, कधी शिखरावर जातो, कधी उतरतो, म्हणजे त्याचा आकार. या तिघांना तीन वेगळी टायमिंग लागतात, आणि एकाला जे उत्तम तेच दुसऱ्याला साफ निरुपयोगी असू शकतं. थॉमस लिऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये हे गणिताने मांडलं, की सिग्नल आहे की नाही हे पकडण्याची ताकद आणि सिग्नलचा आकार मोजण्याची अचूकता यांच्यात ओढाताण असते, एक वाढवलं की दुसरं कमी होतं.

म्हणून एक कागद घ्या, त्यावर आपला मुख्य कॉन्ट्रास्ट, म्हणजे कशातून काय वजा करायचं ते, एका ओळीत लिहा, आणि दुसरा असलाच तर त्याच्याखाली लिहा. पाच-सहा कॉन्ट्रास्ट लिहिले जात असतील तर थांबा आणि गाइडशी बोला, कारण सगळ्यांना एकदम खूश करणारं टायमिंग नसतं.

पायरी २: रक्त किती उशिरा येतं ते डोक्यात बसवा

एफएमआरआय मज्जापेशींचं काम थेट मोजत नाही, रक्तातल्या ऑक्सिजनच्या बदलामुळे येणारा बोल्ड सिग्नल मोजतो, जो सेजी ओगावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये दाखवून दिला. पेशी हजारांश सेकंदांत कामाला लागतात, पण रक्त निवांत येतं. शब्द दिसला की पहिले एक-दोन सेकंद जवळपास काहीच होत नाही, मग सिग्नल चढायला लागतो, पाच-सहा सेकंदांनी शिखरावर जातो, मग उतरतो, मूळ पातळीच्या थोडा खाली जातो, आणि पुन्हा जागेवर यायला वीस-तीस सेकंद लागतात. या वक्राला एचआरएफ म्हणतात.

बागेतला लांब, मऊ रबरी पाइप आठवा. नळ सोडला की दुसऱ्या टोकाला पाणी जरा वेळाने येतं, नळ बंद केला तरी थोडा वेळ येतच राहतं. आता तुम्ही नळ भराभर सोडत-बंद करत राहिलात तर पलीकडच्या माणसाला काय दिसेल? एकसारखी धार. तुम्ही नळ कधी सोडला आणि कधी बंद केला हे त्याला कळणारच नाही. नळ हळूहळू, पंधरा-वीस सेकंद चालू आणि तेवढाच बंद ठेवलात तर मात्र त्याला स्पष्ट कळेल. आपण त्या दुसऱ्या टोकाला बसलेलो आहोत, आणि टायमिंगचा सगळा खेळ या एका गोष्टीतून निघतो.

दिलासा देणारी गोष्ट अशी की लागोपाठच्या शब्दांचे वक्र साधारणपणे एकमेकांत मिळवले जातात, सरळ बेरीज, म्हणून एकमेकांवर चढलेले प्रतिसाद गणिताने वेगळे करता येतात. पण शब्द फार जवळ आले, दोन सेकंदांपेक्षा कमी अंतरावर, तर ही बेरीज बिघडायला लागते, दुसऱ्या शब्दाचा प्रतिसाद अपेक्षेपेक्षा लहान येतो. नवीन माणसाने दोन शब्दांच्या सुरुवातींमधलं अंतर निदान तीन सेकंद ठेवावं असं माझं मत आहे.

पायरी ३: क्रम बदलून बघा, सेकंद न बदलता

ही पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते म्हणून इथे जरा थांबू. समजा दर चार सेकंदांनी एक शब्द येतो, थांबे अजिबात नाहीत, आणि अर्धे शब्द साधे (अ), अर्धे जोडाक्षरी (ब). एकूण वेळ तोच, शब्द तेच, फक्त क्रम तीन प्रकारे लावून बघू.

पहिला क्रम, अ ब अ ब अ ब, एकाआड एक. दिसायला अगदी न्याय्य वाटतो, दोघांना समान संधी. पण इथे फरकाचं एक आवर्तन आठ सेकंदांचं झालं, म्हणजे नळ भराभर सोडण्या-बंद करण्यासारखं, आणि आपला रबरी पाइप ते सगळं सपाट करून टाकतो. दुसरा क्रम, नाणं उडवल्यासारखा रँडम. त्यात कधी अ अ अ येईल, कधी ब अ ब, म्हणजे हळू आणि भराभर अशी सगळ्या वेगांची आवर्तनं मिसळलेली, त्यातली हळू आवर्तनं पाइपमधून पलीकडे पोचतात. तिसरा क्रम, चार अ मग चार ब, म्हणजे सोळा-सोळा सेकंदांचे ब्लॉक, बत्तीस सेकंदांचं आवर्तन, जे एचआरएफला सगळ्यात जास्त मानवतं.

मी एसपीएम या विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये एचआरएफसाठी वापरतात तसा, दुहेरी गॅमा नावाचा वक्र धरून, शब्द क्षणभरच दिसतो असं मानून आणि मंद चढउतार बाजूला ठेवून या तिघांचा हिशोब केला. अ-ब फरकासाठी एकाआड एक क्रमाची कार्यक्षमता (एफिशियन्सी, म्हणजे तेवढ्याच वेळात फरक किती नेमका मोजता येतो, तिचा हिशोब पायरी ७ मध्ये) १ धरली तर रँडम क्रमाची साधारण साडेचार येते आणि ब्लॉकची साधारण सात. नुसत्या क्रमाने सातपट. एकही सेकंद जास्त न घेता, एकही शब्द न वाढवता, एकही माणूस जास्त न बोलावता. हा आकडा पहिल्यांदा काढल्यापासून मी एकाआड एक क्रमाकडे कधी वळलो नाही, आणि तुम्हीही वळू नका.

मग सगळे ब्लॉकच का करत नाहीत? फरक पकडायला ब्लॉक भक्कमच आहे, आणि तुमचा प्रश्न तेवढाच असेल तर कमीपणा न वाटून घेता ब्लॉक करा. पण दोन जोडाक्षरी शब्द ओळीने आले की पुढचाही कसा असेल याचा वाचणाऱ्याला अंदाज येतो, तो वाचण्याची पद्धतच बदलतो. शिवाय प्रत्येक शब्दाचा वेगळा प्रतिसाद, चुकलेले शब्द बाजूला काढणं, वक्राचा आकार, हे ब्लॉकमधून नीट मिळत नाही. म्हणून बरेच जण रँडम क्रमाकडे येतात, आणि आपणही पुढे तोच धरू.

ब्लॉक केलेच तर फार लांब करू नका. स्कॅनरचा सिग्नल आपोआपच संथपणे वर-खाली तरंगत असतो, मशीन तापतं, माणूस सैलावतो, आणि हे तरंगणं काढून टाकायला हाय-पास फिल्टर लावतात. एसपीएममध्ये तो न सांगता १२८ सेकंदांचा असतो, एफएसएल या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये १०० सेकंदांचा. म्हणजे तुमचं आवर्तन त्याहून लांब असेल, समजा सव्वा मिनिट अ आणि सव्वा मिनिट ब, तर फिल्टर कचऱ्याबरोबर तुमचा सिग्नलही झाडून बाहेर टाकेल. याच कारणाने ज्या दोन गोष्टींची तुलना करायची त्या एकाच रनमध्ये (स्कॅनिंगच्या एका सलग फेरीत) आणि एकमेकांच्या जवळ ठेवा, साधे शब्द सगळे पहिल्या रनमध्ये आणि जोडाक्षरी सगळे दुसऱ्यात असं कधीही करू नका.

पायरी ४: रिकाम्या जागा पेरा

आता दुसरा प्रश्न, शब्द वाचणं वजा नुसतं चिन्ह बघणं. दर चार सेकंदांनी न चुकता शब्द येत राहिला तर सिग्नल एकदा वर चढतो आणि तिथेच बसतो, एकसारखी धार. आता ही वरची पातळी शब्दांमुळे आहे की मुळातच तेवढी होती हे सांगायला काही आधारच नाही. त्यासाठी मध्ये मध्ये रिकाम्या जागा लागतात, जिथे फक्त अधिकचं चिन्ह दिसत राहतं आणि सिग्नलला खाली यायला सवड मिळते.

यातून नवीन लोकांचा एक हमखास गोंधळ सुटतो. फक्त अ आणि ब मधला फरक हवा असेल तर रिकाम्या जागांची फारशी गरज नाही, उलट त्या शब्दांचा वेळ खातात. पण शब्द विरुद्ध विश्रांती हवं असेल, किंवा वक्राचा आकार हवा असेल, तर रिकाम्या जागा हव्यातच. एक चालणारा अंदाज म्हणजे रिकामी जागा हा तिसरा प्रकार समजायचा आणि त्यालाही बाकीच्यांइतकाच वाटा द्यायचा, दोन प्रकारचे शब्द असतील तर साधारण एक तृतीयांश.

रिकाम्या जागा पेरण्याची दुसरी तऱ्हा म्हणजे जिटर, म्हणजे दोन शब्दांमधलं अंतर दर वेळी वेगळं ठेवणं. अँडर्स डेल यांनी १९९९ मध्ये दाखवलं की अंतर एकसारखं ठेवून ते कमी करत गेलं तर कार्यक्षमता ढासळते, पण अंतर बदलतं ठेवलं तर सरासरी अंतर कमी केल्यावर ती वाढत जाते. त्याआधी लोक एकेक शब्द दाखवून बारा-पंधरा सेकंद वाट बघायचे, सिग्नल बराचसा खाली येईपर्यंत, आणि आत पडलेला माणूस कंटाळून जायचा.

जिटर कसा वाटायचा? दोन ते आठ सेकंदांमध्ये सगळी अंतरं सारख्या प्रमाणात, असं बरेच जण करतात आणि ते चालतंही, पण त्याहून बरं म्हणजे छोटी अंतरं खूप, मोठी अंतरं थोडी, उतरत्या जिन्यासारखी वाटणी. त्याचा आणखी एक फायदा, वाट बघणाऱ्याला पुढचा शब्द आता येणार असं कधीच ठामपणे वाटत नाही, अंदाज बांधता येत नाही.

आणि टीआरकडे लक्ष ठेवा. टीआर म्हणजे पूर्ण मेंदूचं एक चित्र घ्यायला लागणारा वेळ, समजा २ सेकंद. तुमची अंतरं ४, ६, ८ अशी टीआरच्या पटीत असतील तर स्कॅनर प्रत्येक वेळी वक्राच्या त्याच त्या जागांवर फोटो काढेल, शब्दानंतर ०, २, ४ सेकंदांनी, मधलं कधी दिसणारच नाही. अंतरं ३, ४, ५, ६ अशी ठेवलीत तर काही शब्द टीआरच्या सुरुवातीला पडतील आणि काही मध्यावर, म्हणजे एकूणात दर एका सेकंदाचा नमुना मिळेल. फुकट मिळतं, घ्या.

पायरी ५: आता प्रत्यक्ष हिशोब

आपल्या प्रयोगाचं घड्याळ मांडू. एका रनमध्ये ८० शब्द, ४० साधे, ४० जोडाक्षरी. प्रत्येक शब्द दीड सेकंद दिसणार, त्यानंतर निदान दीड सेकंद अधिकचं चिन्ह, झाले कमीत कमी ३ सेकंद. त्यावर जादा थांबा, सरासरी २ सेकंद. म्हणजे सरासरी ५ सेकंद, ८० शब्दांना ४०० सेकंद.

जादा थांब्यांची वाटणी मी अशी करतो: शून्य सेकंदाचे २५, एक सेकंदाचे १८, दोनचे ११, तीनचे ९, चारचे ६, पाचचे ४, सहाचे ३, सातचे २, आठचा १ आणि नऊचा १. मोजून बघा, ८० भरतात आणि बेरीज बरोबर १६० सेकंद होते, सरासरी २. असं मोजून वाटणं हे कॉम्प्युटरला सरळ रँडम अंतर दे असं सांगण्यापेक्षा बरं, कारण तसं सांगितलं की एका माणसाचा रन ६ मिनिटांत संपतो आणि दुसऱ्याचा साडेसातला, आणि स्कॅनर मात्र आधी ठरवलेल्या आकड्यावर थांबतो.

सुरुवातीला १० सेकंद नुसतं चिन्ह, सिग्नल स्थिर व्हायला आणि माणसालाही सावरायला. शेवटी २० सेकंद नुसतं चिन्ह, शेवटच्या शब्दाचा वक्र पूर्ण उतरायला, हे लोक हमखास विसरतात आणि शेवटचे तीन-चार शब्द वाया जातात. एकूण ४३० सेकंद, टीआर २ असेल तर २१५ चित्रं, म्हणजे सात मिनिटं दहा सेकंद. असे दोन-तीन रन करा, मध्ये माणसाशी बोला, बरं वाटतंय ना विचारा.

आणि साध्या शब्दांनंतरचे थांबे आणि जोडाक्षरी शब्दांनंतरचे थांबे यांची सरासरी जवळपास सारखी आहे ना हे बघून घ्या, नाहीतर तुम्ही अक्षरांचा फरक मोजायला जाल आणि विश्रांतीचा मोजून याल.

पायरी ६: खूण आणि शब्द एकत्र चिकटवू नका

हे मी स्वतः भोगलेलं आहे. मी ज्या लॅबमध्ये शिकलो तिथल्या माझ्या पहिल्या प्रयोगात प्रत्येक शब्दाआधी एक छोटी खूण यायची, एक रंगीत चौकोन, तो मोठ्याने वाच की मनात वाच हे सांगायचा. खूण आली की बरोबर २ सेकंदांनी शब्द, प्रत्येक वेळी. आठ माणसांचं स्कॅनिंग झालं, एक ताई तर लहान मुलीला शेजारी ठेवून सकाळी सातच्या स्लॉटला आल्या होत्या, आणि विश्लेषणाला बसल्यावर खुणेचा रिग्रेसर (म्हणजे तिच्यामुळे अपेक्षित असलेल्या सिग्नलचा मॉडेलमधला वक्र) आणि शब्दाचा रिग्रेसर यांचा सहसंबंध ०.८ च्या वर. तयारीचा प्रतिसाद कुठला आणि वाचण्याचा कुठला हे वेगळं करणं अशक्य होतं, आणि आमचा मूळ प्रश्न तयारीबद्दलच होता. त्या ताईंना मी फोन करून आभार मानले होते, त्या विचारत होत्या माझ्या स्कॅनमधून काय कळलं, आणि माझ्याकडे सांगण्यासारखं उत्तर नव्हतं. तेव्हापासून मी स्कॅनच्या आधी आकडे काढल्याशिवाय कुणालाही आत पाठवत नाही.

यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही एकत्र वापरता येतात. पहिला, खूण आणि शब्द यांच्यातलं अंतर बदलतं ठेवा, कधी दीड सेकंद, कधी तीन, कधी सहा, सरासरी चारच्या आसपास. अर्धा सेकंद इकडेतिकडे करून काही होत नाही, एचआरएफ इतका पसरट आहे की त्याला ते जाणवतच नाही, फरक काही सेकंदांचाच हवा. दुसरा, काही वेळा नुसती खूण दाखवा आणि शब्द दाखवूच नका, समजा चारातून एकदा. त्यामुळे खुणेचा एकटीचा प्रतिसाद मॉडेलला दिसतो. फक्त हे फार क्वचित केलं तर शब्द न आल्याचंच आश्चर्य वाटतं आणि त्याचा वेगळा प्रतिसाद येतो, फार वेळा केलं तर माणूस तयारी करणं सोडून देतो. आमच्याकडे चारातून एक हे प्रमाण जमलं.

आधी लक्षात ठेवणं आणि नंतर सांगणं, किंवा निर्णय आणि बक्षीस, अशा जोड्यांचंही हेच. ज्या दोन गोष्टी नेहमी ठरलेल्या अंतराने एकामागोमाग येतात त्या स्कॅनरला एकच गोष्ट दिसतात.

पायरी ७: कॉम्प्युटरवर दहा हजार क्रम करून बघा

आता आकडा काढायचा. प्रत्येक प्रकारच्या शब्दांच्या वेळा घ्या, त्या वेळांवर एकेक काठी उभी करा, प्रत्येक काठीच्या जागी एचआरएफचा वक्र ठेवा आणि सगळे मिळवा, झाला रिग्रेसर. सगळे रिग्रेसर शेजारी शेजारी उभे केले की डिझाइन मॅट्रिक्स. हाय-पास फिल्टरचे स्तंभही त्यात घाला, विसरू नका. मग मॅट्रिक्सचा ट्रान्सपोज गुणिले मॅट्रिक्स, त्याचा व्यस्त, त्याच्या दोन्ही बाजूंना तुमचा कॉन्ट्रास्ट, आणि जे उत्तर येईल त्याने १ ला भागा. ही एफिशियन्सी. पायथनमध्ये नायलर्न ही तयार लायब्ररी वापरलीत तर मॅट्रिक्स एका ओळीत बनतं, पुढचं गणित नमपायच्या दोन-तीन ओळींचं.

या आकड्याला स्वतःचा असा काही अर्थ नाही. ०.४ चांगले की १२ चांगले असं विचारू नका. एकच कॉन्ट्रास्ट, तेवढाच वेळ, तोच टीआर, आणि दोन वेगळे क्रम, यांची तुलना करायला तो आहे. आणि डेटा लागतच नाही, हीच तर याची गंमत आहे, फक्त वेळा लागतात, म्हणून हे सगळं स्कॅनर बुक करण्याआधी घरी बसून होतं.

मग साधी गोष्ट करा. ८० शब्दांचा क्रम आणि थांब्यांचा क्रम दोन्ही पिसा, एफिशियन्सी काढा, लिहून ठेवा, परत पिसा. असं दहा हजार वेळा करा, नेहमीच्या लॅपटॉपवर थोड्या वेळात होतं. वरचे वीस-तीस क्रम बाजूला काढा. सगळ्यात वरचा एकच सगळ्यांना देण्यापेक्षा प्रत्येक माणसाला या वीस-तीसमधला वेगळा द्या, म्हणजे एखाद्या क्रमाची खोड सगळ्या डेटात शिरत नाही.

तयार साधनंही आहेत. ऑप्टसेक नावाचं जुनं आणि भरवशाचं साधन आहे, आफ्नी या विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरबरोबर वेळा बनवायची आणि डेटाशिवाय मॉडेल तपासायची सोय येते. टोर वेगर आणि थॉमस निकोल्स यांनी २००३ मध्ये जेनेटिक अल्गोरिदम वापरून, म्हणजे चांगल्या क्रमांचे तुकडे एकमेकांत मिसळून आणखी चांगले क्रम शोधण्याची पद्धत मांडली. पण पहिल्या वेळी पिसणं आणि मोजणं स्वतःच्या हाताने करा असं मी आग्रहाने सांगेन, त्यातून जे डोळ्यांना दिसतं ते तयार साधनातून दिसत नाही.

एफिशियन्सीबरोबर रिग्रेसरांचे आपापसातले सहसंबंधही छापून बघा. ०.३ पर्यंत मला काळजी वाटत नाही, ०.७ दिसलं तर मी परत मागच्या पायरीवर जातो.

पायरी ८: आत माणूस आहे

कॉम्प्युटरला जो क्रम आवडतो तो माणसाला सोसेलच असं नाही. एफिशियन्सी फक्त फरकासाठी वाढवत गेलात तर शोध तुम्हाला गुपचूप ब्लॉककडे नेतो, अ अ अ अ अ ब ब ब ब, कारण गणिताला तेच हवं असतं. म्हणून शोधात एक अट घाला, एकच प्रकार ओळीने तीनपेक्षा जास्त वेळा येऊ नये. एफिशियन्सी थोडी कमी होईल, होऊ दे.

मग तो क्रम स्वतः करून बघा. पूर्ण सात मिनिटं, अंधारात, आडवं पडून, न हलता. नऊ सेकंदांच्या थांब्यात मन कुठे भरकटतं ते कळेल. नंतर प्रयोगाची माहिती नसलेल्या कुणाला तरी बसवा आणि संपल्यावर विचारा, पुढचा शब्द कुठला येणार याचा अंदाज येत होता का. येत होता म्हणाले तर क्रम बदला.

पायरी ९: कागदावरचं घड्याळ आणि मशीनचं घड्याळ

एवढं करून ठरवलेल्या वेळा प्रत्यक्षात पाळल्या गेल्या नाहीत तर काय उपयोग. स्कॅनर सुरू झाला की एक ट्रिगर, म्हणजे सुरू झाल्याचा इशारा, पाठवतो, बऱ्याच ठिकाणी तो कीबोर्डवरचा ५ दाबल्यासारखा येतो, आणि तुमचा प्रोग्रॅम त्या क्षणाला शून्य धरतो. इथून पुढची प्रत्येक वेळ त्या शून्यापासून मोजा. 'मागचा शब्द संपल्यावर साडेतीन सेकंद थांब' असं लिहू नका, 'शून्यापासून ४७ व्या सेकंदाला दाखव' असं लिहा. साठ हर्ट्झच्या पडद्यावर एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची असते, प्रत्येक शब्दाला एकेक फ्रेम उशीर साचत गेला तर ८० शब्दांनंतर तुम्ही १.३ सेकंद मागे असता, आणि मॉडेलला त्याचा पत्ता नसतो. शब्द पडद्यावर दाखवायला वापरतात त्या सायकोपायमध्ये यासाठी वेळ न सरकू देण्याची सोय आहे, ती वापरा.

सुरुवातीची काही चित्रं स्कॅनर स्वतःच टाकून देतो की नंतर तुम्हाला टाकायची आहेत हे स्कॅनर चालवणाऱ्या टेक्निशियनला विचारा, आणि ट्रिगर त्या आधी येतो की नंतर तेही. टीआर २ असताना चार चित्रं टाकली आणि वेळांमधून ८ सेकंद वजा करायचे राहिले तर सगळं आठ सेकंद सरकतं, उताराच्या जागी मॉडेल शिखर शोधत बसतं. एसपीएममध्ये वेळा सेकंदांत दिल्यात की स्कॅनच्या आकड्यात, हेही दोनदा बघा.

शब्द ठरलेल्या वेळेला नाही तर खरोखर कधी दिसला ते फाइलमध्ये लिहून घ्या, मॉडेलला तीच वेळ द्या. बिड्स या डेटा मांडण्याच्या ठरलेल्या पद्धतीने इव्हेंट्सची फाइल बनवा, सुरुवातीची वेळ, किती वेळ दिसला, प्रकार कुठला, असे स्तंभ आणि सगळं सेकंदांत, पुढे कुणालाही डेटा देताना ते कामी येतं.

पहिल्या माणसाचा डेटा हातात आला की जोडाक्षरांकडे बघूच नका. प्रयोगात माणसाला उजव्या हाताने बटण दाबायला सांगितलं असेल तर आधी त्या दाबण्याच्या वेळांचा एक रिग्रेसर बनवा आणि डाव्या बाजूचं मोटर कॉर्टेक्स, म्हणजे हालचाल चालवणारा भाग, उजळतंय का बघा. ते स्वच्छ दिसलं तर घड्याळ बरोबर लागलंय. नसेल तर दुसऱ्या माणसाला बोलावण्याआधी ट्रिगर, टाकलेली चित्रं आणि सेकंद या तिन्ही गोष्टी परत तपासा, आणि सापडेपर्यंत पुढचा स्लॉट रद्द करा.